धवलेरीचे गाणे आणि अनुदानाचा हप्ता

विद्यापीठांतल्या मानव्यविद्यांना, म्हणजे भाषा, साहित्य, इतिहास, तत्त्वज्ञान आणि लोकसंस्कृती यांच्या अभ्यासाला, मिळणारा पैसा तीन वाटांनी येतो. एक वाट व्यक्तीची: पीएच.डी. करणाऱ्याला मिळणारी अधिछात्रवृत्ती. दुसरी प्रकल्पाची: ठरलेला विषय, ठरलेली मुदत, ठरलेली रक्कम. तिसरी संस्थेची: विभाग, ग्रंथालय, दप्तरखाना किंवा कोशासारखे लांब पल्ल्याचे काम वर्षानुवर्षे चालावे म्हणून दिलेले अनुदान. वाद होतो तो मुख्यतः प्रकल्पाच्या अनुदानाबद्दल, कारण महाविद्यालयातल्या शिक्षकाच्या वाट्याला आलेच तर तेच येते.

या व्यवस्थेची चौकट स्वातंत्र्योत्तर काळातली. विद्यापीठ अनुदान आयोग १९५३ साली सुरू झाला आणि १९५६च्या कायद्याने त्याला वैधानिक दर्जा मिळाला. भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद १९६९ची. तिचे पहिले अध्यक्ष धनंजयराव गाडगीळ आणि पहिले सदस्य-सचिव जे. पी. नाईक, दोघेही महाराष्ट्रातले. इतिहासासाठी १९७२मध्ये आणि तत्त्वज्ञानासाठी १९७७मध्ये अशाच परिषदा आल्या. भाषा-साहित्याच्या संशोधनासाठी तशी स्वतंत्र परिषद मात्र झाली नाही. राज्याच्या पातळीवर साहित्य आणि संस्कृती मंडळ १९६०चे, पुण्याची आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था १९६२ची, राज्य मराठी विकास संस्था १९९२ची. संस्था आहेत, योजनाही आहेत. त्यांचा पैसा एखाद्या तालुक्यातल्या महाविद्यालयापर्यंत कसा पोहोचतो आणि पोहोचल्यावर त्याचे काय होते, हा खरा प्रश्न आहे.

तो प्रश्न पाहण्यासाठी चारोटी हे ठिकाण योग्य आहे. मुंबई-अहमदाबाद महामार्गावरचा हा नाका. पश्चिमेला डहाणू, पूर्वेला कासा आणि पुढे जव्हार, महामार्गानेच उत्तरेला तलासरी. जवळच विवळवेढ्याची महालक्ष्मी. भोवती वारली, कोकणा, मल्हार कोळी, कातकरी, दुबळा, धोडी यांचे पाडे. वारली चित्रांमुळे हा पट्टा जगाला ठाऊक झाला आहे, आणि ज्यावर मानव्यविद्यांनी काम करावे असे इथे पुष्कळ आहे.

नमुन्यादाखल एक प्रस्ताव घेऊ. चारोटी, कासा, गंजाड या पट्ट्यात वारली लग्न लावणाऱ्या धवलेऱ्या जी गाणी म्हणतात ती ध्वनिमुद्रित करायची, लिहून काढायची आणि त्यांतून पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी पाठ्यसामग्री तयार करायची. त्यावर दोन भूमिका समोरासमोर येतात. एक विद्यापीठाच्या वित्त विभागात आयुष्य घालवलेल्या निवृत्त लेखाधिकाऱ्यांची, दुसरी याच भागात कला शाखेला मराठी शिकवणाऱ्या प्राध्यापिकेची. दोघेही इथे भूमिकांचे प्रतिनिधी आहेत. विशिष्ट व्यक्ती नव्हेत.

लेखाधिकारी: मॅडम, मूळ प्रश्न आधी विचारतो. या कामाला अनुदान लागतेच कशाला? विश्वनाथ काशिनाथ राजवाड्यांनी कुठे प्रस्ताव भरला होता? गावोगाव फिरून, लोकांच्या घरची दप्तरे उघडायला लावून त्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे बावीस खंड उभे केले. पहिला १८९८ साली निघाला. केतकरांनी ज्ञानकोशासाठी मंडळ काढले, भाग विकले आणि लोकांच्या भांडवलावर काम तडीस नेले. रा. चिं. ढेरे यांचे मोठे लेखन विद्यापीठाच्या नोकरीबाहेरचे. ध्यास असला की काम होते. पैसा आला की ध्यासाची जागा अहवाल घेतो.

प्राध्यापिका: साहेब, राजवाड्यांचे नाव घेतले की पुढचे बोलणे अवघड होते. पण एका माणसाने घरदार बाजूला ठेवून केलेले काम ही व्यवस्था होऊ शकत नाही. त्याच पुण्यात भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती केली. काम १९१९ला सुरू झाले, १९६६ला पुरे झाले. औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी एक लाख रुपये द्यायचे कबूल केले म्हणून ते उभे राहिले, आणि पुढे सरकार, आयोग, देणगीदार असे अनेक हात लागले. बाराशेहून अधिक हस्तलिखिते शब्दाशब्दाने ताडून पाहायची होती. संपादक सुकथनकर कितीही मोठे असले तरी हे एकट्याचे काम नव्हतेच. धवलेऱ्यांची गाणीही एकट्याने होत नाहीत. मुद्रण करणारा एक, बोली जाणणारा दुसरा, लिप्यंतर तपासणारा तिसरा.

लेखाधिकारी: मग पुण्यातलेच दुसरे उदाहरण घ्या. डेक्कन कॉलेजचा संस्कृत कोश. काम १९४८ला सुरू झाले, पहिला भाग १९७६ला आला, आणि इतक्या वर्षांनंतरही काम वर्णमालेच्या आरंभाशीच आहे. विद्वत्तेबद्दल शंका नाही. पण ज्याचा शेवट आज जिवंत असलेला कुणीही पाहणार नाही, अशा कामाला दरसाल तरतूद करणाऱ्याने कोणत्या आधारावर सही करायची?

या दोन उदाहरणांत फरक कामाच्या लांबीचा नाही. महाभारताच्या आवृत्तीचे भाग मध्येमध्ये छापून निघत राहिले, देणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला काम कुठवर आले ते दिसत राहिले. कोशाची पहिली अठ्ठावीस वर्षे शब्द टिपण्यात आणि चिठ्ठ्या लावण्यात गेली. तो पाया आवश्यकच होता, पण बाहेरून दिसणारा नव्हता. मानव्यविद्यांमधल्या पुष्कळ कामाचे दुखणे हेच आहे: सर्वांत जास्त कष्टाचा भाग सर्वांत कमी दिसतो. म्हणून दीर्घ अनुदान मागणाऱ्याने अर्धवट अवस्थेतला साठाही वर्षावर्षाला खुला करणे हे त्याचे कर्तव्य ठरते. लेखाधिकाऱ्यांचा आक्षेप एवढ्यापुरता मान्य करावा लागतो.

त्यांचा पुढचा आक्षेप अधिक जड आहे.

लेखाधिकारी: या तालुक्यांत दिवाळीनंतर माणसे वीटभट्टीवर जातात. मुलांच्या वजनाचे तक्ते तुम्हीही पाहिले असतील. सूर्या धरण इथले, आणि पाणी वसई-विरारला नि मीरा-भाईंदरला जाते. संशोधनावर देशाचा एकूण खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या पाऊण टक्काही नाही. त्या तुटपुंज्या पैशातून गाण्यांना द्यायचे आणि पाण्याच्या अभ्यासाला थांबवायचे, हे मला पटत नाही.

प्राध्यापिका: पैसा गाण्यांना दिला म्हणून पाण्याचा थांबला, असे एक उदाहरण दाखवा साहेब. दोघांची शीर्षेच वेगळी असतात, हे तुमच्याइतके कुणाला माहीत? आणि याच डहाणू तालुक्यातली गोष्ट सांगते. ताराबाई मोडकांनी १९४५ला बोर्डीला बालशिक्षणाचे काम सुरू केले, अनुताई वाघ तिथे त्यांना येऊन मिळाल्या, पुढे दोघी कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. मुले शाळेत येत नाहीत कारण ती गुरे राखतात आणि धाकट्या भावंडांना सांभाळतात, हे त्यांनी पाड्यात बसून समजून घेतले. मग शाळाच कुरणात नेली, अंगणात नेली. १९७५ला केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना आणली तेव्हा ‘अंगणवाडी’ हे नाव देशभर गेले. आता त्या तक्त्यातले वजन ज्या अंगणवाडीत घेतात तिचा उगम कशात आहे? मुलांचे खेळ, गाणी, बोली, घरची रीत यांच्या निरीक्षणात. हे मानव्यविद्यांचेच काम. ते कुपोषणाच्या आड आले नाही, त्याच्या मदतीला आले.

लेखाधिकारी: पण ते विद्यापीठाने केले नाही. वारली चित्रांचेही तसेच. सत्तरीच्या सुरुवातीला भास्कर कुलकर्णी इथे आले ते हस्तकला मंडळाच्या वतीने. जिव्या सोमा मशे यांना त्यांनी कागद दिला, रंग दिला. गंजाडच्या कळंबीपाड्यातला माणूस १९७६ला राष्ट्रीय पुरस्कार घेतो, २०११ला पद्मश्री होतो. गोदावरी परुळेकरांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ १९७०चे; ते वारल्यांच्या लढ्यातून आले, त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. या भागाबद्दलचे सर्वांत मोलाचे काम विद्यापीठाबाहेर झाले आहे. मग विद्यापीठाला का द्यायचे?

प्राध्यापिका: कारण बाहेरच्या कामाने एक भाग उचलला आणि दुसरा तसाच राहिला. लग्नात भिंतीवर चौक लिहितात तेव्हा धवलेरी समोर बसून गात असते. चौकात पालघट देवी बसवायची, तिच्यासाठी गाणे म्हणायचे, हे एकच काम आहे. चित्र कागदावर उतरले आणि मुंबई-दिल्लीला गेले. गाणे पाड्यातच राहिले. के. जे. सावे यांचे वारल्यांवरचे पुस्तक १९४५चे, यशोधरा दालमियांचे १९८८चे, अजय दांडेकरांचे १९९८चे. तिन्ही इंग्रजीत. तलासरीला कॉम्रेड गोदावरी श्यामराव परुळेकरांच्या नावाचे महाविद्यालय आहे. तिथे बसणाऱ्या वारली मुलीला तिच्या आजीच्या गाण्यावर मराठीत काय वाचायला द्यायचे? ते तयार करणे हे विद्यापीठाचे काम आहे, कारण वर्ग विद्यापीठाचा आहे.

इथे एक अडचण दोघांच्याही नजरेतून निसटते. केंद्र सरकारची संकटग्रस्त भाषांच्या जतनाची योजना दहा हजारांपेक्षा कमी लोक बोलतात अशा भाषांसाठी आहे. वारली बोलणारे त्याहून कितीतरी अधिक, म्हणून ती त्या दारातून आत येत नाही. आठव्या अनुसूचीत ती नाही, त्यामुळे अनुसूचित भाषांसाठीच्या योजनाही तिच्यासाठी नाहीत. डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेच्या साहाय्याने मराठीच्या बोलींचे जिल्हावार सर्वेक्षण केले, ध्वनिमुद्रणे लोकांसाठी खुली ठेवली. हे अलीकडचे फार मोलाचे काम आहे. पण सर्वेक्षणाला बोलीचे नमुने लागतात. रात्रभर चालणारे लग्नाचे गाणे पुरे उतरवून घेणे हे निराळे काम, आणि त्याला निराळा पैसा लागतो.

प्रस्ताव मान्य झाला असे धरून पुढे जाता येते. त्यानंतरच्या वाटेवर दोन्ही भूमिकांची खरी परीक्षा होते.

आयोगाच्या बृहत् आणि लघु संशोधन प्रकल्पांच्या योजना हा बराच काळ महाविद्यालयीन शिक्षकाचा मुख्य आधार होता. बाराव्या पंचवार्षिक योजनेत बृहत् प्रकल्पाची मर्यादा विज्ञानाला २० लाख आणि मानव्यविद्यांना १५ लाख होती. ती योजना २०१७मध्ये संपली आणि या प्रकल्पांचा जुना ओघ आटला. २०१९मध्ये आयोगाने ‘स्ट्राइड’ नावाची योजना आणली; तिच्या एका घटकात मानव्यविद्यांना एक कोटीपर्यंत आणि अनेक संस्थांच्या जाळ्याला पाच कोटींपर्यंत अनुदानाची सोय होती. रक्कम मोठी, पण ती पेलणारे कार्यालय तालुक्याच्या महाविद्यालयात नसते. केंद्राचे साहाय्य मिळायचे तर महाविद्यालय आयोगाच्या कायद्यातील कलम १२(ब)च्या यादीत असावे लागते, आणि प्रमुख संशोधक बहुतेक योजनांत कायम शिक्षकच लागतो. कला शाखेतली पदे वर्षानुवर्षे रिकामी आणि तास घेणारे तासिका तत्त्वावरचे, अशी स्थिती असेल तर पाड्यावर जाऊ शकणारा तरुण शिक्षक अर्जच करू शकत नाही. अनुदानाच्या रकमेवर जेवढी चर्चा होते तिच्या एक दशांशही या अटीवर होत नाही.

लेखाधिकारी: आता मंजूर पैशाकडे या. उपकरणे, पुस्तके, प्रवास व क्षेत्रकार्य, सहायकाचे मानधन, संकीर्ण. ही शीर्षे उगीच नाहीत. एका शीर्षातला पैसा दुसऱ्यात वळवायचा नाही, कारण वळवू दिला तर गाण्याच्या प्रकल्पातून विभागाला खुर्च्या येतात. असे झालेले मी पाहिले आहे.

प्राध्यापिका: खुर्च्या येऊ नयेत हे मान्य. पण धवलेरीला पैसे कोणत्या शीर्षातून द्यायचे? ती सूर्यास्ताला बसते, पहाटेपर्यंत गाते. दुसऱ्या दिवशीची तिची मजुरी जाते. तुमच्या पत्रकात संगणकाला ओळ आहे, तिला नाही. डहाणू रोडपासून चारोटीपर्यंत एस.टी.चे तिकीट मिळते. नाक्यावरून पाड्याच्या वाटेला शेअर रिक्षा, पुढे चालत. रिक्षावाला पावती कुठून देणार? पाड्यात जेवण होते त्याचे बिल कोण करणार? मग शिक्षक हा खर्च खिशातून करतो, किंवा खोटे बिल लावतो. प्रामाणिक माणसाला या दोनांतूनच निवडायला लावणारा नियम चांगला कसा?

लेखाधिकारी: थांबा. यात नियमाचा दोष कमी आणि प्रस्तावाचा जास्त आहे. तुम्ही शीर्षच मागत नाही. प्रस्तावातच ‘ज्ञानदात्यांचे मानधन’ असे लिहा, दर लिहा, किती रात्री ते लिहा. मंजूर झाले की ती ओळ पक्की. साध्या कागदावर पावती, सही नसेल तर अंगठा, दोन साक्षीदार; रक्कम पाच हजारांच्या वर गेली तर एक रुपयाचे महसुली तिकीट. प्रवासाला स्वयंघोषणा चालते, जर मंजुरीपत्रात तशी तरतूद आधी करून घेतली असेल तर. लेखापरीक्षकाला पावतीचे प्रेम नसते. त्याला आधीचा कागद आणि नंतरचा कागद जुळलेला हवा असतो.

हा सल्ला सोन्यासारखा आहे, आणि बहुतेक शिक्षकांना तो कुणी देत नाही. आपल्याकडे संशोधन पद्धतीचे वर्ग भरतात, त्यांत गृहीतक आणि नमुना निवड शिकवतात. अंदाजपत्रक कसे मांडावे यावर एखादा तासही नसतो. विज्ञान शाखेत ही विद्या ज्येष्ठांकडून कनिष्ठांकडे जाते, कारण तिथे प्रयोगशाळेचा खर्च सतत चालू असतो. कला शाखेत पहिला प्रकल्प हाच बहुधा शेवटचा ठरतो.

पण सगळेच आधी लिहून भागत नाही. वेळेची अडचण कागदाने सुटत नाही.

प्राध्यापिका: आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते. वारली लग्ने भात झोडून झाल्यावर सुरू होतात आणि वैशाखापर्यंत चालतात. महालक्ष्मीची यात्रा चैत्री पौर्णिमेला, म्हणजे बहुतेक वेळा एप्रिलात. वाघाडीचा पुजारी मध्यरात्री गडावर ध्वज लावायला चढतो त्या रात्री मुद्रण करायचे, तर हातात पैसा हवा. नेमका तेव्हाच जुना हप्ता बंद झालेला असतो, उपयोगिता प्रमाणपत्र गेलेले असते, आणि नवा हप्ता पावसाळ्यात येतो. पावसाळ्यात तारपा वाजत नाही, लग्ने होत नाहीत. पैसा असतो तेव्हा काम नसते, काम असते तेव्हा पैसा नसतो.

लेखाधिकारी: हे मात्र मान्य करतो. अखर्चित शिल्लक पुढे नेण्याची परवानगी मागता येते, पण ती येईपर्यंत हंगाम जातो. व्याजसुद्धा परत भरावे लागते. शासनाचा पैसा पडून राहू नये म्हणून हा नियम आहे. पिकाचा, सणाचा, लग्नसराईचा विचार त्यात नाही. शेती विद्यापीठांच्या प्रकल्पांत हंगाम धरतात. तुमच्याकडेही धरायला हरकत नसावी.

अनुदानाची मुदत आर्थिक वर्षाने न मोजता क्षेत्रकार्याच्या हंगामाने मोजावी, हा या चर्चेतला सर्वांत सोपा आणि सर्वांत उपयोगी बदल आहे. त्याला जादा रुपया लागत नाही. धवलेऱ्या वयाने मोठ्या आहेत. तीन वर्षांच्या प्रकल्पात दोन हंगाम चुकले तर जे गेले ते चौथ्या वर्षी दुप्पट पैसा टाकूनही मिळत नाही.

फलिताच्या मोजमापावर दोघे लवकर एकमताला येतात. प्रसिद्ध झालेल्या निबंधांची संख्या हे माप दोघांनाही नको आहे: लेखाधिकाऱ्यांना, कारण पैसे घेऊन निबंध छापणारी नियतकालिके त्यांनी बिलांतून पाहिली आहेत, प्राध्यापिकेला, कारण चार पानी निबंधात गाणे बसत नाही. आयोगाने नियतकालिकांची ‘केअर’ यादी काढली आणि २०२५मध्ये ती बंदही केली. धवलेऱ्यांच्या प्रकल्पाचे फलित म्हणजे ऐकता येतील अशी मुद्रणे, शुद्ध लिप्यंतर, अर्थाच्या टिपा आणि ते वापरून शिकवलेला एक वर्ग. हे मोजता येते, फक्त मोजणाऱ्याने ऐकायला बसावे लागते.

मालकीचा प्रश्न याहून खोल आहे, आणि त्यावर मतभेद शेवटपर्यंत राहतो.

लेखाधिकारी: सार्वजनिक पैशाने झालेले काम सार्वजनिक असले पाहिजे. करदात्याने पैसे दिले, मुद्रणे संकेतस्थळावर हवीत. कपाटात कुलूपबंद ठेवायची असतील तर अनुदान मागू नका.

प्राध्यापिका: करदात्याने पैसे दिले, पण गाणे कुणी दिले? वारली चित्रे पिशव्यांवर, चादरींवर, हॉटेलांच्या भिंतींवर गेली आणि पाड्याला त्यातले काय मिळाले? भौगोलिक निर्देशांक २०१४मध्ये मिळाला, तोवर चाळीस वर्षे गेली होती. काही गाणी देवीपुढेच म्हणायची असतात. ती उद्या जाहिरातीत वाजली तर मी त्या आजीच्या दारात कोणत्या तोंडाने जाऊ? कोणते गाणे खुले ठेवायचे, कोणते फक्त पाड्यासाठी, हे गाणारीने ठरवावे. संमती मुद्रणाआधी एकदा घ्यावी आणि तिला तिचेच गाणे ऐकवल्यानंतर पुन्हा घ्यावी.

लेखाधिकारी: मग लेखापरीक्षक विचारेल, पन्नास मुद्रणे केली, तीसच दाखवता, वीस कुठे?

प्राध्यापिका: वीस पाड्यात. प्रत त्यांच्याकडे, नोंद आमच्याकडे.

पहिली प्रत कुठे राहावी हे अनुदान देणारा सहसा विचारत नाही. ती पुण्यात किंवा मुंबईत ठेवली की काम पुरे झाले असे धरले जाते. चारोटीपासून मुंबई शंभर किलोमीटरहून थोडी अधिक; पण ज्या मुलीला आजीचे गाणे ऐकायचे आहे तिला हे अंतर फार आहे. पाड्याच्या शाळेत, ग्रामपंचायतीच्या वाचनालयात किंवा तालुक्याच्या महाविद्यालयात एक प्रत ठेवण्याचा खर्च क्षुल्लक आहे. या मुद्द्यावर प्राध्यापिकेची बाजू अधिक न्याय्य वाटते. पैसा राज्याचा असला तरी त्यामुळे गाण्याची मालकी राज्याकडे जात नाही. अमुक मुद्रणे का खुली नाहीत याची कारणासह यादी जोडली तर हिशेबही अपुरा राहत नाही.

शिकवण्यासाठीच्या अनुदानाची परंपरा आपल्याकडे क्षीण आहे. सत्तरच्या दशकात आयोगाने महाविद्यालयांतील मानव्यविद्या आणि सामाजिक शास्त्रांचे अध्यापन सुधारण्यासाठी ‘कोहसिप’ नावाचा कार्यक्रम चालवला होता. त्यात पुस्तके, शिक्षकांची शिबिरे, नवे अभ्यासक्रम यांसाठी मदत मिळे. पुढे संशोधनाला प्रतिष्ठा आली आणि अध्यापन त्याच्या सावलीत गेले. आता राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाच्या चौकटीत पदवीच्या विद्यार्थ्याला क्षेत्रप्रकल्प आणि समुदाय-सहभागाचे श्रेयांक मिळवावे लागतात. श्रेयांक सक्तीचे, त्यासाठीच्या प्रवासाला मात्र तरतूद नाही.

लेखाधिकारी: विद्यार्थ्याने स्वतःच्या पाड्यावर जायला कसला प्रवासखर्च?

प्राध्यापिका: स्वतःच्या पाड्यावर तो घरचा म्हणून जातो, साहेब. शेजारच्या पाड्यावर अभ्यासक म्हणून जायला शिकायचे आहे. आमच्या वर्गातल्या पुष्कळ मुली घरातल्या पहिल्याच पदवीधर होतील. त्यांना सहायक म्हणून रीतसर घ्या, मानधन द्या, लिप्यंतराचे काम द्या. बाहेरून आलेल्या पीएच.डी.च्या विद्यार्थ्याला जो शब्द तीनदा विचारावा लागतो तो त्यांना ऐकताक्षणी कळतो. गाण्यातल्या देवतांपैकी ‘कणसरी’ कोण, ‘हिमाय’ कोण, हे त्यांना टिपेत वाचावे लागत नाही. आज त्यांचे हे ज्ञान परीक्षेत कुठेच उपयोगी पडत नाही. या कामात पडेल.

लेखाधिकारी: हे पटते. सहायकाचे मानधन हे शीर्ष आहेच. पदव्युत्तर पदवीची अट असते तेवढी काढून घ्यावी लागेल.

शेवटचा मुद्दा देणाऱ्याच्या इच्छेचा. २०२०च्या शैक्षणिक धोरणात राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान सर्व विद्याशाखांसाठी कल्पिले होते. २०२३च्या कायद्याने ‘अनुसंधान’ प्रतिष्ठान स्थापन झाले तेव्हा त्याच्या कक्षेत निसर्गविज्ञाने, अभियांत्रिकी, आरोग्य, शेती आली. मानव्यविद्या आणि सामाजिक शास्त्रांचा उल्लेख विज्ञान-तंत्रज्ञानाशी त्यांचा जिथे संबंध येतो तेवढ्यापुरता राहिला. पाच वर्षांसाठी पन्नास हजार कोटींचा अंदाज, त्यातला मोठा वाटा खासगी क्षेत्राकडून अपेक्षित. या रचनेत धवलेऱ्यांचे गाणे शिरायचे तर त्याला ध्वनिओळखीच्या संगणकप्रणालीचा आधार घ्यावा लागेल.

लेखाधिकारी: मग घ्या की आधार. २०१३च्या कंपनी कायद्याखाली मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामांवर खर्चावे लागतात. त्या यादीत शिक्षण आहे, कला-संस्कृतीचे जतन आहे. शासनाकडेच डोळे का लावायचे?

प्राध्यापिका: गाण्यांसाठी चालेल. पण याच तालुक्याच्या किनाऱ्यावर वाढवण बंदर येते आहे, ऑगस्ट २०२४ला त्याची पायाभरणी झाली. मच्छीमार गावांचा मौखिक इतिहास आज लिहायला हवा, कारण पुढच्या दहा वर्षांत तो किनारा ओळखू येणार नाही. तो बंदरात हितसंबंध असलेल्या कंपनीच्या पैशाने लिहावा का? आणि शासनाच्या पैशाने लिहिला तर विरोधाची मुलाखत अहवालात राहील का?

लेखाधिकारी: राहायला हवी. समितीत कोण बसते त्यावर आहे ते.

अमेरिकेतले उदाहरण इथे सांगण्याजोगे आहे. तिथल्या मानव्यविद्यांच्या राष्ट्रीय निधीची स्थापना १९६५ची. साठ वर्षे चाललेल्या या संस्थेने एप्रिल २०२५मध्ये आधीच मंजूर झालेली हजारांहून अधिक अनुदाने एका झटक्यात रद्द केली. नव्या सरकारचा प्राधान्यक्रम बदलला होता. काम अर्ध्यावर असलेल्या अभ्यासकांना पत्रे गेली. मंजूर अनुदान मुदतीच्या मध्ये काढून घेता येणार नाही, असे कायद्याने बांधले नसेल तर सर्वांत जुनी संस्थाही संरक्षण देऊ शकत नाही. आपल्याकडच्या मंजुरीपत्रांत अनुदान केव्हाही थांबवण्याचा अधिकार देणारी संस्था सहसा राखून ठेवते, आणि शिक्षक ते न वाचता सही करतो.

दोन्ही भूमिका मिळून धवलेऱ्यांच्या प्रस्तावात काही गोष्टी नव्याने येतात. मुदत तीन लग्नसराईंची, तीन आर्थिक वर्षांची नव्हे. ज्ञानदात्यांच्या मानधनाची स्वतंत्र ओळ, दरासह. सहायक म्हणून पदवीचे विद्यार्थी. तासिका तत्त्वावरच्या शिक्षकाला सहसंशोधक म्हणून स्थान. दर हंगामाअखेर तयार झालेला भाग खुला, आणि जो खुला नाही त्याची कारणे नोंदलेली. पहिली प्रत पाड्याजवळ. एवढे लेखाधिकारी मान्य करतात.

दोन गोष्टी त्यांना मान्य नाहीत. गाणारीने नंतर संमती काढून घेतली तर झालेला खर्च कुणाच्या नावे दाखवायचा, याचे उत्तर त्यांना मिळालेले नाही. आणि मूल्यमापन समितीत विद्यापीठाबाहेरची, स्वतः गाणारी एखादी धवलेरी असावी ही प्राध्यापिकेची मागणी त्यांना नियमात बसवता येत नाही, कारण तज्ज्ञाची व्याख्या पदवीपासून सुरू होते. प्राध्यापिका ही मागणी मागे घेत नाही. गाणे बरोबर उतरले आहे की नाही, हे तिच्या मते दुसरे कुणी सांगू शकत नाही.